गादीची उत्तरपूजा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी पहिल्यांदा बाईंचं नाव सांगतो. माझ्या आईची त्याला हरकत नाही. ती स्वतःच आल्यागेल्याला सांगते, "आमी फक्त जन्म देल्ला, वकील बाईंनं केला." बाई म्हणजे नागपुरातल्या एक ज्येष्ठ वकील. त्यांच्या हाताखाली मी काम शिकलो.

आमचं घर उमरेडचं, विणकरांचं. हातमाग बंद पडल्यावर वडील किराणा दुकानात कामाला लागले. घरात कॉलेज पूर्ण करणारा मी पहिलाच. शाळा मराठी, गाव लहान, आणि कायद्याची पुस्तकं मात्र इंग्रजीत. नागपुरात आलो तेव्हा एकेका परिच्छेदाशी मी कुस्ती खेळत असे. बाईंनी त्यांच्या टेबलाशी माझ्यासाठी एक खुर्ची ओढली आणि निकालपत्र कसं वाचायचं हे पेन्सिल हातात घेऊन शिकवलं. माझ्या इंग्रजीला त्या कधी हसल्या नाहीत. माझ्या बुटांना मात्र हसत, कारण ते एक नंबर मोठे होते आणि जिन्यावर आवाज करत.

दर शनिवारी दुपारी बाई एका बागेतल्या विरंगुळा केंद्रात बसत. ज्येष्ठ मंडळी तिथे पेपर वाचतात, कॅरम खेळतात, एकमेकांचे बीपीचे आकडे विचारतात. कोपऱ्यात बाईंचं टेबल होतं. बंद पडलेला फ्रिज, न मागता गळ्यात पडलेलं कार्ड, वसुलीवाल्यांचे उर्मट फोन, असं काहीही घेऊन कोणीही यावं. फी नाही. बाईंची एक पद्धत होती. माणूस पिशवीतून कागद काढू लागला की त्या ते हातात घेत आणि टेबलावर उपडे ठेवत. मग विचारत, "कागद राहू द्या. तुम्हाला काय झालेलं हवंय, ते सांगा." काहींना या प्रश्नाचं उत्तर द्यायला अर्धा तास लागे. बाई थांबत. कॅरमवाले मात्र थांबत नसत. पोस्टातून निवृत्त झालेले एक काका सोंगटी मारता मारताच निकाल देत, "सरळ हायकोर्टात टाका, बाई! सोडू नका त्याले!"

बाईंचे गुडघे फार दुखू लागले तेव्हा त्या पुण्याला मुलीकडे राहायला गेल्या. ते टेबल त्यांनी माझ्याकडे दिलं. जाताना म्हणाल्या, "एखादं काम मनासारखं झालं की मला पत्र लिही. फोन नको. फोनवर तू नुसतं 'हो बाई, हो बाई' करतोस."

त्यानंतर काही दिवसांनी मावशी आल्या.

मावशी महाल भागात राहतात, एका पीठगिरणीच्या वरच्या खोलीत, भाड्यानं. नवरा विणकर होता. तो गेल्यावर त्या शाळेत आया म्हणून लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. शाळेतली सगळी पोरं त्यांना मावशी म्हणत, म्हणून आता सगळा मोहल्लाही म्हणतो. मी पहिल्या दिवशी "आजी, बसा" म्हणालो तर त्या उभ्याच राहिल्या.

"आजी कोनाले म्हनून राहिला गा? माह्या नातवाले म्हनू दे आजी. तू मावशी म्हन."

"बसा मावशी."

"आता बसतो."

त्यांनी पिशवीतून कागद काढले. मी ते हातात घेतले आणि उपडे ठेवले. मावशींना ते आवडलं नसावं. कागद जमवायला त्यांना बरीच धावपळ करावी लागली होती.

"तुम्हाला काय झालेलं हवंय?"

त्यांना उत्तराला अर्धा तास लागला नाही. "मले माह्या खोलीत राहाचं हाय," त्या म्हणाल्या. "बस. बाकी तू पाय."

मग सगळं समजलं. उन्हाळ्यात त्यांच्या गल्लीतल्या देवळाच्या सभामंडपात फुकट आरोग्य तपासणीचं शिबीर झालं होतं. एका यंत्रावर हात ठेवायचा, यंत्र पीं पीं करायचं आणि तिथला गोड बोलणारा मुलगा सांगायचा की रक्त गोठत चाललंय. त्यावर त्याच्याकडे उपाय होता: चुंबकाची गादी. पंधरा दिवस वापरून पाहा, नाही आवडली तर परत द्या. मोबाइलवर एक नंबर येईल तेवढा सांगा. मावशींनी नंबर सांगितला. त्या नंबरानं त्यांच्या नावावर कर्ज निघालं होतं. दुसऱ्या महिन्यापासून पेन्शन खात्यात पडली की हप्ता आपोआप कापला जाऊ लागला. उरलेल्या पैशात औषधं आणि जेवण निघे, खोलीचं भाडं निघेना. घरमालक भला माणूस होता, पण दिवाळीनंतर तो तरी किती थांबणार? बुटीबोरीच्या कारखान्यात कामाला असलेल्या मुलानं सांगून टाकलं होतं, "आई, सामान बांध. माह्याकडे चाल."

"मुलाकडे त्रास आहे का?" मी विचारलं.

"त्रास नाही. पोरगं गुणाचं हाय, सून बी चांगली हाय. पन तिथं दोन खोल्यांत पाच मानसं. सकाळी संडासले लाइन लागते, वकीलसाहेब. अन् इथं माह्या मैत्रिनी हाय, भजन हाय, गिरनीवाला हाय. तिथं मी दिवसभर काय करू? टीव्ही पाहू? इथं मी कोनीतरी हावो."

पलीकडून पोस्टातले काका ओरडले, "हायकोर्टात टाका!"

"तुमी तुमची राणी सांभाळा," मावशी वळून म्हणाल्या. "घेऊन चालला तो." खरंच, समोरच्या गड्यानं तेवढ्यात राणी घेतली.

त्या गेल्यावर मी कागद सरळ केले. सगळे इंग्रजीत होते, सहीच्या जागी नुसता तो नंबर. काम अवघड नव्हतं. ज्या भाषेचं अक्षर वाचता येत नाही त्या भाषेत घेतलेली संमती, 'वापरून पाहा' असं तोंडी सांगून मागे काढलेलं कर्ज. बाईंबरोबर अशी प्रकरणं पाहिली होती. एकच शंका होती. पंधरा दिवसांत परत देता येत होती, तर मावशींनी गादी परत का दिली नाही? मी गादी पाहायला त्यांच्या खोलीवर गेलो.

खाली गिरणी चालू असली की ती खोली हलकेच थरथरते. भांड्यांच्या फळीवर पेले एकमेकांशी बोलत असतात. भिंतीलगत, खोलीतल्या सगळ्यांत चांगल्या जागी, गादी उभी होती. प्लास्टिकचं कव्हर तसंच. वरच्या कोपऱ्यात हळदीकुंकवाची बोटं, त्यावर वाळलेल्या अक्षता.

"तुम्ही झोपता कुठे?"

"खाली. गोधडीवर." मावशींनी गादीकडे पाहिलं. "नागपूरच्या उन्हाळ्यात असल्या गादीवर कोन झोपन? आंग जळते."

"मग परत का नाही केली? मुदत होती ना?"

"परत?" त्या माझ्याकडे अशा पाहू लागल्या, जणू शाळेच्या व्हरांड्यात मी चपला घालून आलो होतो. "काहून परत करू? पूजा झाली ना. आली त्याच दिवशी केली. शिरा केला, टेम्पोवाल्याले देल्ला. पूजा झालेली वस्तू घरातून परत पाठवाची असते का? तू कोनच्या गावचा होय?"

"उमरेडचा."

"मंग? तुले समजाले पायजे."

मला समजत होतं, तीच अडचण होती. आमच्या घरी बंद पडलेली मोपेड अजून अंगणात उभी आहे. भंगारवाला चांगली किंमत देत होता, पण घरी आली तेव्हा तिची पूजा झाली होती, म्हणून वडील देत नाहीत. दर दसऱ्याला तिला हार घालतात. मी मावशींसमोर काय तोंडानं बोलणार?

तरी पुढची कामं केली. विकणाऱ्या कंपनीला आणि कर्ज देणाऱ्या कंपनीला नोटीस पाठवली. उत्तर आलं नाही. ग्राहक आयोगात तक्रार टाकली. तारखेला दोन्ही कंपन्यांचे वकील आले आणि आयोगानं आम्हाला मध्यस्थीच्या खोलीत पाठवलं. मध्यस्थ बाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी तक्रार वाचली, यंत्राच्या पीं पींपाशी आल्यावर किंचित हसल्या आणि कंपन्यांच्या वकिलांना दोन प्रश्न विचारले. त्यानंतर सगळं भराभर झालं. विकणारी कंपनी गादी परत नेणार, कर्ज बंद होणार, कापलेले हप्ते मावशींच्या खात्यात परत येणार. अट एकच: गादी न वापरलेली, डाग नसलेली असावी. मला वाटलं आता टाळ्या वाजवाव्यात.

"मावशी, मान्य आहे ना?" मध्यस्थ बाईंनी विचारलं.

"पैसे परत, हे मान्य हाय," मावशी म्हणाल्या. "गादी परत, हे मान्य नाही."

मध्यस्थ बाईंनी चष्मा काढला. कंपनीचा वकील माझ्याकडे पाहू लागला. मी बुटांकडे पाहू लागलो.

"तुम्हाला गादी हवी आहे का?"

"मले काय करायची हाय? जागा अडवून बसली हाय. पन पूजा झाली हाय तिची."

मध्यस्थ बाई नागपूरच्याच. त्यांनी वाद घातला नाही. पुढची तारीख दिली आणि मला म्हणाल्या, "तोवर बघा काय जमतं. पण कंपनी पुढच्या वेळी याच मनःस्थितीत असेल, याची हमी मी देत नाही."

त्या रात्री मी हिशेब मांडला. ही तडजोड फिसकटली तर प्रकरण लांबणार, तोवर पेन्शन कापली जाणार, आणि मावशी दिवाळीला बुटीबोरीत. कायद्याच्या बाजूनं मी जे करू शकत होतो ते केलं होतं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा खोलीवर गेलो. मावशींचा मुलगाही आला होता आणि दारातच उभा राहून आईला समजावत होता.

"आई, गादी म्हनजे लक्ष्मी हाय का?"

"तुले नाही समजत."

"मले समजते. तुह्या नावावर कर्ज हाय हे समजते."

"मंग ते पाय. पन घरातून लक्ष्मी काहाडाले मले नको सांगू."

मावशींची शेजारीण तिथेच बसून वाती वळत होती. या काकूंचं खाली बांगड्यांचं दुकान. दोघी रोज भजनाला सोबत जातात. आता वात वळता वळताच म्हणाल्या, "काहून वं, मागच्या महिन्यात महालक्ष्म्या बसवल्या तुनं. तिसऱ्या दिवशी काय केलं त्यायचं?"

"काय केलं म्हनजे? पाठवलं."

"कशा पाठवल्या?"

"दही-पोह्याचा नैवेद्य दाखोला, अक्षता टाकल्या, हलवल्या."

"मंग साक्षात देवीले पाठवते तू, अन् हे गादी काय तिच्याहून मोठी लागून गेली?"

गिरणी चालू होती, पेले किणकिणत होते. मुलगा माझ्याकडे पाहत होता, मी काकूंकडे.

"पन ते पाठवनं वेगळं," मावशी हळूच म्हणाल्या. "ते पुढच्या साली परत याव्या म्हनून पाठवतो आपन."

"हिले परत ये म्हनू नको, झालं! बाकी सगळं कर."

मावशींना हसू आलं. आधी त्यांनी पदर तोंडाशी धरला, मग जोरातच हसल्या. मुलगा हसला, मी हसलो. काकू मात्र गंभीरपणे वाती वळत राहिल्या. "हसून काय राहिले? मी खरं सांगून राहिलो," त्या म्हणाल्या. मावशी उठल्या, भिंतीवरचं कॅलेंडर जवळून पाहिलं आणि मला म्हणाल्या, "त्यायले सांग, शनिवारी या म्हना. पन राहुकाळ टळल्यावर. आमी पाठवतो तिले."

मी दोन्ही वकिलांना फोन केले. तडजोडीच्या कागदावर सह्या झाल्या. गादी शनिवारी उचलायची ठरली.

शनिवारी मी पोचलो तेव्हा जिन्यावर चपलांना जागा नव्हती. अख्खं भजनी मंडळ आलं होतं. खोलीत पाट मांडलेला, समोर गादी, तिला झेंडूची माळ. मावशींनी नवी साडी नेसली होती आणि त्या सगळ्यांना कामं वाटत होत्या. कंपनीचा माणूस वेळेवर आला. पंचविशीतला मुलगा, टाय लावलेला, हातात उचल पावती, मागे टेम्पोचे दोन हमाल. दारात येऊन तो थबकला. त्याला वाटलं असावं की पत्ता चुकला.

"ये बाबू, बस," काकू म्हणाल्या. "सुरूच होऊन राहिली."

"मॅडम, मला फक्त गादी…"

"गादीच पाठवून राहिलो आमी. बस."

त्याला बसवलं गेलं. हमालांनाही बसवलं. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, आरती झाली. टाळ इतक्या जोरात वाजले की खाली गिरणीवाल्यानं गिरणी थांबवली आणि पिठानं माखलेला वर येऊन उभा राहिला. दही-पोह्यांचा नैवेद्य झाला, सगळ्यांच्या हातावर प्रसाद पडला. मग मावशी पुढे झाल्या, अक्षता टाकल्या आणि गादीला दोन्ही हातांनी धरून जरा हलवलं. "ये म्हनू नको बरं," मागून काकू कुजबुजल्या, आणि दोघीतिघींना हसू फुटलं.

"आता घ्या," मावशी म्हणाल्या.

तो मुलगा उठला, टायवर पडलेले पोहे झटकले आणि मोबाइलवर गादीचे फोटो काढू लागला. कोपऱ्यापाशी आला आणि थांबला.

"मॅडम, इथे डाग आहे. कंपनीचा नियम आहे, डाग असला तर मला उचलता येत नाही."

"डाग?" एक बाई म्हणाली. "कुंकवाले डाग म्हनते हे पोट्टं!"

"माय वं! याच्या मायनं याले काही शिकवलं नाही का?"

"अरे, तुह्या बायकोच्या कपायावर काय डाग लावते का?"

"लग्न नाही झालं अजून," तो बिचारा म्हणाला, आणि त्यावरून आणखी गोंधळ उडाला.

मी तडजोडीचा कागद उघडला. शब्द तेच होते: डाग नसलेली. कुंकू कव्हरवर होतं, आत गादीला नव्हतं, हे सांगायला मी तोंड उघडलं. पण 'मूळ वेष्टनासह' असंही खालच्या ओळीत लिहिलेलं होतं. कुंकू पुसा, हे मी या बायकांना कसं सांगणार होतो?

मला काहीच सांगावं लागलं नाही. मावशी गादीपाशी गेल्या. नव्या साडीचा पदर त्यांनी पाण्याच्या तांब्यात बुडवला आणि कोपऱ्यावरचं हळदीकुंकू एका हातानं नीट पुसून टाकलं, जसा शाळेत फळा पुसत असतील. पदर लाल-पिवळा झाला.

"उत्तरपूजा झाली," त्या म्हणाल्या. "आता हे नुसती गादी हाय. काढ फोटो."

त्यानं फोटो काढला. हमालांनी गादी खांद्यावर घेतली. जिना अरुंद, बायका दोन्ही बाजूंना, कोणीतरी पुन्हा टाळ वाजवले. उचल पावतीवर मावशींनी मराठीत सही केली, पूर्ण नावानं, सावकाश. टेम्पो गल्लीतून वळला तेव्हा त्या मुलाच्या मांडीवर दही-पोह्यांचा डबा होता. तो कोणी दिला हे मी पाहिलं नाही.

तेव्हाही मला खात्री नव्हती. कर्ज बंद झाल्याचं पत्र यायचं होतं आणि पुढच्या पेन्शनचा दिवस यायचा होता. तो दिवस आला आणि गेला. मग मी पुण्याला हे पत्र पाठवलं.

*

आदरणीय बाई,

नमस्कार. तुम्ही सांगितलं होतं म्हणून लिहितो आहे. मावशींचं काम झालं. कर्ज बंद झाल्याचं पत्र आलं आहे आणि कापलेले हप्ते खात्यात परत जमा झाले आहेत. या महिन्याची पेन्शन पूर्ण आली. मावशी मला घेऊन बँकेत गेल्या, पासबुक भरून घेतलं आणि तिथल्या तिथे दोनदा वाचायला लावलं, एकदा मला आणि एकदा शिपायाला. मागचं सगळं भाडं देऊन झालं आहे. घरमालकानं पुढच्या वर्षासाठी खोली त्यांचीच असं सांगितलं. मुलानं सामान बांधायला आणलेले खोके काकूंनी बांगड्या ठेवायला नेले.

गादीची गोष्ट भेटल्यावर सांगेन, ती पत्रात मावणार नाही. पोस्टातले काका केंद्रात सगळ्यांना सांगत आहेत की आपण हायकोर्टात जिंकलो.

बाई, मावशींना मी तुमचा प्रश्न विचारला होता. त्यांनी लगेच उत्तर दिलं. मला वाटलं, उत्तर मिळालं म्हणजे आता कायदा लावायचा. पण पुढे त्यांना काय सोडता येत नाही हेही ऐकावं लागलं. त्यात वेळ गेला, आणि तो वेळ वाया गेला नाही. तुम्ही लोकांसमोर एवढा वेळ गप्प का बसायचात, ते मला आता समजायला लागलं आहे. मी उमरेडहून आलो तेव्हा तुम्ही माझ्यासमोरही तशाच बसला होतात. मी इंग्रजी वाचताना अडखळायचो आणि तुम्ही पेन्सिल धरून वाट बघायचात. त्याबद्दल मी कधी काही बोललो नाही. आज लिहितो: मी तुमचा फार ऋणी आहे.

रविवारी मावशींनी जेवायला बोलावलं होतं. गादीच्या जागी आता सहा पाट बसतात. भजनी मंडळ त्यावर बसलं आणि मला उंबऱ्यात बसावं लागलं. वडाभात होता. तिखट होता.

आपला विद्यार्थी

ता. क. मावशी विचारतात, तुम्ही नागपूरला आलात की कुठे उतरता? हॉटेलात उतरू नका म्हणाल्या. त्यांच्याकडे जागा आहे, असं कळवायला सांगितलं आहे.